शॉर्टस्टॉपचं अक्षर

बेस्ट (नेदरलँड्स), १४ जानेवारी २०२४

ती. स्व. दादास,
संजीवचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत संक्रांत होऊन पंधरा दिवस झालेले असतील. तेव्हा तिळगूळ उशिराने घे आणि गोड बोल, निदान लिहिताना तरी. नव्या कानाच्या मशीनमधून तुला फोनवरचा माझा आवाज ऐकू येत नाही, पण टीव्हीवरची भांडणं मात्र व्यवस्थित ऐकू येतात, असं वहिनी म्हणाली. चालू दे. अण्णांनी आपल्याला पत्रं लिहायची सवय लावली ती अशी कामाला येते आहे.

बातमी अशी की क्लबने मला पहिल्या टीमचा मॅनेजर केलं. वहिनीला नीट समजावून सांग, नाहीतर ती गल्लीत ऑफिसातलं प्रमोशन म्हणून पेढे वाटेल. ऑफिसात मी आहे तिथेच आहे. बेसबॉलमध्ये कोण खेळणार, कुणी कुठे उभं राहायचं, कुणाला बसवायचं, हे सगळं ठरवतो तो मॅनेजर. सत्तावीस वर्षांचा असताना कंपनीने मला आइंडहोवनला आणलं, तेव्हा बॅगेत दोन स्वेटर आणि तू दिलेला ग्लोव्ह एवढंच होतं. इथे या खेळाला हाँकबॉल म्हणतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग सतरा सीझन याच क्लबसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे शॉर्टस्टॉप म्हणून उभा राहिलो आणि नंतर आठ वर्षं लहान मुलांना शिकवलं. परवाच्या समारंभात अध्यक्षांनी माझी बॅटिंगची सरासरी मोठ्याने वाचली आणि सगळा हॉल हसला. मी बॅट घेऊन निघालो की आमची टीम कॉफी प्यायला उठायची, हे काही खोटं नाही. नंतर त्यांनी सतरा वर्षांत माझ्या हातून सुटलेल्या चेंडूंचा एवढासा आकडा वाचला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. दादा, तेव्हा तू हवा होतास.

यंदा वरच्या लीगमध्ये जायची संधी आहे. एकच सीझन नीट गेला की झालं. शॉर्टस्टॉप कोण, हा प्रश्नच नाही. तुझा ईशान ऑक्टोबरपासून आमच्या वरच्या खोलीत राहतो आहे, आपली नोकरी, आपला लॅपटॉप आणि माझ्या फ्रिजमधलं लोणचं सांभाळून आहे. त्याचे पाय तुझे आहेत आणि हात माझे. बॅटिंगही माझीच घेतलीय, याचं वाईट वाटतं.

वहिनीला नमस्कार. मीनल मजेत आहे. लोभ जुना आहे, तो तसाच चालू ठेव.

तुझा,
संजीव

•

जळगाव, ८ फेब्रुवारी २०२४

चि. संजीव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. कुमुदिनीने सगळं समजावून घेतल्यावरसुद्धा पेढे वाटलेच. जोशीबाईंना तू डच कंपनीचा मॅनेजर झालास असंच वाटतं आहे आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही.

मला फार आनंद झाला. शाळेच्या मागच्या मुरमाच्या मैदानावर मी तुला उभं केलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. चेंडू खड्यावर आपटून हनुवटीवर बसला, तीन टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून तू पुन्हा हजर. अण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मी चाळीस वर्षं पीटीचा मास्तर होतो, शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेली, पण जमिनीलगतच्या चेंडूसमोर तुझ्यासारखा शांत उभा राहिलेला दुसरा पाहिला नाही.

आता मॅनेजर झालास तर आपला नियम विसरू नकोस. ज्याला मैदानात उभा करायचा, त्याला आधी आपल्या हाताने चेंडू मारायचे. मॅचच्या आधी पन्नास ग्राउंडर, जमिनीला घासून जाणारे, रोज, स्वतः. असिस्टंट मारतो, मशीन मारतं, ही कारणं मला सांगायची नाहीत. स्वतः मारताना पोराचे पाय दिसतात, त्याची भीती दिसते. बॅट दुसऱ्याच्या हातात दिलीस की तू फक्त खुर्चीतला माणूस झालास.

आणखी एक. तुझं अक्षर इतकं बारीक का? मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. तिकडे कागदाची टंचाई आहे की डच लोकांनी तुलाही चिक्कू करून टाकलं? पुढचं पत्र माणसाला वाचता येईल असं लिही.

ईशानला सांग, आईला फोन करताना तोंडात घास ठेवू नये. चि. सौ. मीनलला आशीर्वाद. आमची माया आहेच, पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

तुझा,
दादा

•

बेस्ट, २१ एप्रिल २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

अक्षराची तक्रार मान्य. थंडीत बोटं आखडतात आणि पेनही भिकार आहे. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवून बसलो आहे. पहिली ओळ जमली, पुढे बघू.

सीझन सुरू झाला. तीन मॅच झाल्या आणि तिन्ही जिंकलो. कालव्याशेजारचं आमचं मैदान अजून ओलं असतं, चेंडू गवतावर घसरून येतो. ईशान पहिल्या मॅचमध्ये घाबरला होता. त्याला वाटलं मला कळलं नाही, पण पन्नास ग्राउंडर मारताना मला तो टाचांवर मागे रेललेला दिसला. दुसऱ्या मॅचला त्याने डावीकडे झेपावून असा एक चेंडू काढला की समोरच्या टीमच्या म्हाताऱ्या कोचने टोपी काढली. तुझा नियम इथल्या लोकांना विचित्र वाटतो. आमचा असिस्टंट बर्ट दर वेळी बॅट मागतो, म्हणतो तू जरा बस, मी मारतो. मी देत नाही. मारताना मधेच हात थबकतो कधीकधी, वय झालं म्हणायचं. मीनलने माझ्यासाठी बिनलेसचे बूट आणलेत आणि ईशान मला त्यावरून म्हातारबा म्हणतो.

दादा, सहज आठवलं म्हणून विचारतो. अण्णांनी शाळेच्या सर्टिफिकिटांवर आपल्या वळणदार अक्षरात नावं लिहिणं कितव्या वर्षी बंद केलं? मी कॉलेजात होतो बहुतेक, मला नक्की आठवत नाही. घाई नाही, सावकाश कळव.

मेतकूट संपलं आहे, कुणी येणारं असेल तर पाठव. आहे तोच जिव्हाळा असू दे.

तुझा,
संजीव

•

जळगाव, १२ मे २०२४

चि. संजीव यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन मॅच जिंकल्याचं वाचून छाती फुगली. इथे पारा पंचेचाळीसवर आहे. सकाळी नऊला दारं लावून घेतो आणि घरातल्या घरात एकमेकांवर वैतागतो. केळीची पानं उभी करपली आहेत.

अण्णांचं विचारलंस. खरं सांगायचं तर मलाही आता आठवत नाही. जुन्या गोष्टी उकरून काय करायचं. त्यांचा वाताचा त्रास होता, वयाप्रमाणे वाढला, एवढंच. तू असल्या विचारांत पडू नकोस. झोप नीट घे, रात्री ताक पिऊ नकोस. फोनवर तुझा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो, असं कुमुदिनी म्हणते. मी तिला म्हटलं, मैदानावर ओरडून बसला असेल.

सीझन सप्टेंबरात संपतो ना? संपला की तू आणि मीनल इकडे या. चार दिवस सगळे मिळून राहू, ओळखीच्या डॉक्टरांना एकदा दाखवूनही टाकू, रुटीन म्हणून. तोवर डोकं खेळात ठेव. ईशानची काळजी तुझ्यावर सोडली आहे म्हणून मी निर्धास्त आहे.

मेतकूट गंधारबरोबर पाठवतो आहे, हा गंधार म्हणजे आपल्या सुहासिनीचा जावई. तो तुमच्याच देशात आल्मेरेला असतो, तिथून पोस्टाने पाठवील. जपून राहा, लोभ वाढता असो.

तुझा,
दादा

•

बेस्ट, १८ जून २०२४

ती. स्व. दादांना,
मीनलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ईशानच्या डोळ्याला चेंडू लागल्याचं वहिनींना फोनवर सांगितलं आहे, पण तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही आणि वहिनींनाही मी अर्धंच सांगितलं. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. मी लिहिल्याचं ह्यांना ठाऊक नाही.

ईशानचं ऑपरेशन झालं. डोळा काढावा लागला नाही, पण डाव्या डोळ्याने त्याला दिसणार नाही. काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इथे गोड शब्दांत गुंडाळून सांगत नाहीत. त्यांनी सांगितलं आणि पाणी हवंय का असं विचारलं. ईशान हो म्हणाला. मी त्याच्याजवळच होते.

रविवारी मॅचच्या आधी हे नेहमीप्रमाणे ग्राउंडर मारत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून सगळं पाहिलं. यांनी चेंडू वर टाकला आणि हात जागच्या जागी अडकला, चेंडू खाली पडला. परत टाकला, परत तेच. ईशानला वाटलं की काका आता थांबले. तो पहिल्या बेसवरच्या मुलाशी काहीतरी बोलायला वळला. तेवढ्यात यांचा हात एकदम सुटला. चेंडू जोरात गेला, जमिनीला लागलाच नाही. यांनी हाक मारली, पण यांची हाक आता दहा पावलांवरही पोचत नाही. ईशान हाक ऐकून नाही, सहजच परत वळला, आणि त्याच क्षणी चेंडू आला.

दादा, तुम्हाला सांगायचं ते हे. यांना कंपवात आहे. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, जानेवारीत शंका काढली आणि फेब्रुवारीत मोठ्या डॉक्टरांनी नक्की केलं. मला यांनी शपथ घातली, क्लबला नाही, ईशानला नाही, दादाला तर मुळीच नाही. एवढा एकच सीझन, मग मी आपणहून सांगेन, असं म्हणाले. सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावायची, बूट मी घालून द्यायचे, आणि मी सगळ्याला हो म्हटलं. बर्टने त्या दिवशीही बॅट मागितली होती. दादाचा नियम आहे, असं सांगून यांनी दिली नाही.

क्लबमधली माणसं भली आहेत. अपघात झाला असं म्हणतात, जेवण आणून देतात. त्यामुळे मला जास्तच लाज वाटते. ईशान स्वतः म्हणतो की चूक माझी, मी चेंडूवरची नजर काढली. तो असं म्हणाला की हे खोलीतून उठून जातात.

मला हे एकटीला पेलत नाही. तुम्ही मोठे आहात, काय करायचं ते सांगा. वहिनींचा व्हिसा झाला की लगेच पाठवा. माझ्यावर राग असेल तर तो असू द्या, पण आम्हाला टाकू नका.

आपली,
मीनल

•

जळगाव, १ जुलै २०२४

संजीव यास,
आशीर्वाद.

कुमुदिनी उद्या निघते आहे, हे पत्र तिच्या हाती देतो. मीनलने मला सगळं लिहिलं आहे. तिला एका शब्दानेही बोलायचं नाही.

मी तुझ्यावर संतापलेलो आहे. दोन दिवस हातात पेन धरवत नव्हतं. त्या मैदानावर माझा मुलगा होता. हात अडकतो हे तुला माहीत होतं, तो पहिल्यांदा अडकला तेव्हा बॅट खाली ठेवायची होतीस, दुसऱ्यांदा तर ठेवायलाच हवी होतीस. तू माझा नियम पुढे केलास. मी तो नियम चांगल्या हातांच्या माणसाला सांगितला होता. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं अजून झालेलं नाही.

आता माझं ऐक. तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा मी अक्षरावरून तुझी थट्टा केली. एप्रिलचं आलं तेव्हा थट्टा करता आली नाही. पहिली ओळ टपोरी, दुसरी लहान, आणि पानाच्या तळाशी मुंग्यांची रांग. मी माळ्यावरून अण्णांची पेटी काढली. त्यात शाळेची कोरी राहिलेली सर्टिफिकिटं आहेत आणि त्यांनी शेवटी शेवटी मला लिहिलेली पत्रं. ती आणि तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. संजीव, ते एकाच माणसाने लिहिलेलं वाटत होतं. अण्णांनी नावं लिहिणं पंचावन्नाव्या वर्षी बंद केलं. मला तारीखसुद्धा पाठ आहे. शेवटच्या सर्टिफिकिटावरचं नाव वाचता येत नाही म्हणून मुख्याध्यापकांनी खोडायला लावलं होतं.

मला आठवत नाही असं मी तुला लिहिलं. मला वाटलं, सीझन मोडू नये. मला वाटलं, आपल्या घरात अण्णांनाही कधी आजाराचं नाव सांगितलं नव्हतं, वात आहे म्हणून तेरा वर्षं काढली, आणि तेच बरं असतं. मी तुला आणखी चार महिने मॅनेजर राहू द्यायला निघालो होतो. त्याच पत्रात ईशानची काळजी तुझ्यावर सोडली म्हणून लिहिलं. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकत नाही. चेंडू तुझ्या बॅटवरून गेला, पण मी पाच आठवडे आधी तो येताना पाहिला होता.

कुमुदिनीला मी हे परवा सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता एवढंच कर. ईशानला तू स्वतः सांग, समोर बसून. तुझा आजार सांग, कधीपासून माहीत होतं ते सांग, हात दोनदा अडकला ते सांग. नंतर हे पत्र त्याला वाचायला दे. त्याची चूक होती असं त्याला आणखी एक दिवसही वाटता कामा नये. क्लबलाही सांग. आणि औषधं वेळेवर घे. तू माझा भाऊ आहेस, हे या सगळ्यात कुठेही बदललेलं नाही.

दादा

•

बेस्ट, ११ ऑगस्ट २०२४

ती. बाबांना,
ईशानचा सा. नमस्कार वि. वि.

आई बरी आहे. तुमच्याशी फोनवर बोलत नाही कारण तुम्हाला ऐकू येत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. थोडा वेळ द्या.

तुमचं पत्र वाचलं. आई आली त्याच दिवशी दुपारी काकांनी मला डायनिंग टेबलवर बसवलं आणि सगळं सांगितलं, तुम्ही लिहिलं होतं त्याच क्रमाने. ते सांगताना त्यांचा हात टेबलावर हलत होता. पहिल्यांदाच त्यांनी तो खिशात घातला नाही. त्यानंतर तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवून ते बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. मी तीन आठवडे रोज तो क्षण डोक्यात रिप्ले करत होतो, मी का वळलो, नजर का काढली. बाबा, ते तीन आठवडे मला कुणी परत देणार नाही. डोळ्यापेक्षा मला त्याचा जास्त राग आहे, आणि तो तुम्हा दोघांवरही आहे. मीनलकाकूवर राग धरायचा प्रयत्न केला, जमला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी काका क्लबवर गेले. मी बरोबर गेलो, कारण त्यांना आता गाडी चालवू देत नाहीत आणि मलाही इतक्यात परवानगी नाही, म्हणून आम्ही दोघं बसने गेलो. त्यांनी टीमसमोर उभं राहून डचमध्ये सगळं सांगितलं. आवाज इतका खाली होता की मुलं पुढे सरकून उभी राहिली. माझ्या चुकीमुळे ईशानचा डोळा गेला, असं त्यांनी सरळ वाक्यात सांगितलं. बर्टकडे बॅट दिली. बर्टने ती घेतली आणि मान वळवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. टीम त्यानंतरची मॅच हरली. वरच्या लीगचं आता काही खरं नाही.

मी पुन्हा शॉर्टस्टॉप खेळू शकणार नाही. एका डोळ्याने चेंडू किती लांब आहे ते कळत नाही. साधा चहा ओततानासुद्धा धार कपाच्या बाहेर जाते. काकांचा कप हातामुळे सांडतो, माझा डोळ्यामुळे, आणि आई दोघांच्या मागे फडकं घेऊन फिरते. काल ती अचानक हसली आणि मग बराच वेळ रडली.

पुढच्या महिन्यात मी आइंडहोवनमध्ये वेगळं घर घेतो आहे. इथे राहणं मला झेपत नाही. तोवर काकांचे बूट सकाळी मी घालून देतो. परवा त्यांच्या पायाजवळ बसलो असताना त्यांच्या हनुवटीवरची टाक्यांची खूण नीट दिसली. लहानपणी टाके पडल्यावर ते दुसऱ्याच दिवशी मैदानावर परत का गेले असतील, असा विचार आला. तुम्हाला घाबरून की तुमच्यासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

मी डॉक्टरांना विचारलं, आधी अण्णा आणि आता काका, मग माझं काय. ते म्हणाले, बहुतेक घरांत हे पुढे जात नाही, पण कधीकधी जातं. मी सव्वीस वर्षांचा आहे. मला उत्तर देताना ते थांबले नाहीत, घाबरले नाहीत. आपल्या घरात असं कुणी कधी बोललं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं मी टाइप करून आईच्या फोनवर पाठवू शकलो असतो. शाळेनंतर मी हाताने मराठी लिहिलेलं नाही, आज दोन तास लागले. ओळी वर चढल्या आहेत, ते डोळ्यामुळे, त्याचं काही मनावर घेऊ नका. बाकी अक्षर मात्र नीट बघून घ्या. हे पत्र अण्णांच्या पेटीत ठेवा. मी दर महिन्याला एक लिहीन, प्रत्येक नवं पत्र जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. आणि कधी काही दिसलं तर सीझन संपायची वाट बघू नका.

तुमचा,
ईशान